मदत हवी आहे: यूएमएसच्या रात्री बिल्ज अलार्म सारखा वाजतोय, सेकंड म्हणतात इनहिबिट कर

नवा_फोर्थ

सगळ्यांना नमस्कार. मी फोर्थ इंजिनीयर. आधीचं जहाज वॉचकीपिंगचं होतं, खाली चोवीस तास कोणी ना कोणी असायचंच. हे माझं पहिलं यूएमएस जहाज, म्हणजे रात्री इंजिन रूममध्ये माणूस न ठेवता अलार्मच्या भरवशावर चालणारं. जॉइन होऊन तीन आठवडे झालेत. संध्याकाळचा राऊंड झाला की ब्रिजला कळवून आम्ही सगळे वर येतो. सेकंड इंजिनीयर, थर्ड इंजिनीयर आणि मी, अशी ड्यूटी फिरते.

गेल्या दोन पाळ्यांत मागच्या बिल्ज वेलचा (इंजिन रूमच्या तळाशी सांडलेलं पाणी जमतं तो खड्डा) हाय लेव्हल अलार्म रात्रभर आला. परवाच्या वेळा लिहून ठेवल्यात: ११:४०, १२:५५, २:०५, ३:२०, ४:३५. दर वेळी खाली गेलो, वेलमधलं पाणी बिल्ज होल्डिंग टँकमध्ये घेतलं, वर आलो, डोळा लागतोय तोच पुन्हा बझर. सकाळी आठला पुन्हा कामावर. दिवसा मात्र हा अलार्म एकदाही येत नाही.

सेकंड साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "जहाज हलतंय, फ्लोट डुचमळत असणार. रात्रीपुरता इनहिबिट कर, सकाळी काढ." म्हणजे पाण्यावर तरंगून अलार्म देणारा फ्लोट उगाच हलतोय, तेव्हा तो अलार्म सिस्टिममधून तात्पुरता बंद कर. ते अनुभवी आहेत, मला मनापासून शिकवतात, म्हणून उलट बोलायला जीभ रेटत नाही. पण मन मानत नाही. इनहिबिट करावा का? आणि फ्लोटच खराब आहे की खरंच पाणी येतंय, हे ओळखायचं कसं?

आणखी एक, जरा संकोचानेच विचारतो. रात्री दोन वाजता एकट्याने खाली उतरायची मला भीती वाटते. डेड मॅन अलार्म (एकटा खाली गेलेल्याने ठरावीक वेळाने बटण दाबलं नाही तर वाजणारा) आहे, पण "दोन मिनिटांचं तर काम" म्हणून इथे तो कोणी चालू करत नाही. तुमच्या जहाजांवर काय पद्धत आहे?

निवृत्त_चीफ

इनहिबिट करू नकोस. कारण तुझ्याच पोस्टमध्ये आहे. तू दिलेल्या वेळांमधली अंतरं काढ: ७५ मिनिटं, ७०, ७५, ७५. जहाजाच्या हेलकाव्यांनी फ्लोट हलत असता तर अलार्म कधी पाच मिनिटांत दोनदा आला असता, कधी तीन तास आला नसता. हे अंतर घड्याळासारखं आहे. म्हणजे फ्लोट चोख काम करतोय आणि कुठून तरी एका धारेनं पाणी येतंय.

दिवसा का येत नाही, तर बहुधा दिवसा मोटरमन किंवा वायपर (इंजिन रूमचे खलाशी) राऊंडमध्ये वेल रिकामा करत असेल. त्याला विचार. आपण न सांगताही ही माणसं कामं उरकत असतात आणि गळती त्यातच झाकली जाते.

पाणी किती येतंय ते मोज. पंप थांबतो ती पातळी आणि अलार्मची पातळी यांच्यामधलं पाणी साउंडिंग टेबलवरून (कोणत्या पातळीला किती लिटर, त्याचा तक्ता) काढ, ७५ ने भाग. मग पाण्याची जात ओळख. बॉयलर वॉटर टेस्टची पेटी असेलच. त्यातली क्लोराइड टेस्ट वेलच्या पाण्यावर कर. क्लोराइड भरमसाट निघालं तर समुद्राचं पाणी. ते नसेल तर कूलिंग वॉटरची नायट्राइट टेस्ट कर. नायट्राइट सापडलं तर जॅकेट वॉटर, म्हणजे इंजिन थंड करणारं गोडं पाणी, गळतंय, त्याच्या एक्स्पान्शन टँकची पातळीही उतरत असणार. दोन्ही नसेल आणि हवा दमट असेल तर स्कॅव्हेंज एअर कूलरचं (इंजिनात जाणारी हवा थंड करतो तो) ड्रेन बघ. उष्ण कटिबंधात त्यातून येणारं पाणी बघून नवखा माणूस घाबरतो, इतकं असतं. टेस्टचा नमुना वेलच्या तळाचा गाळ ढवळून घेऊ नकोस, वेल रिकामा करून नव्याने आलेलं पाणी घे.

सेकंडशी बोलताना "तुमचं चुकलं" असं नको. कागदावर वेळा आणि अंतरं लिही आणि म्हण, "सर, अंतर सारखंच येतंय, एकदा बघता का?" खरा इंजिनीयर आकडा बघितल्यावर अडून बसत नाही.

ईटीओ_डेकखाली

चीफ साहेबांनी मुख्य सांगितलंच. मी ईटीओ, म्हणजे जहाजावरचा इलेक्ट्रिकल अधिकारी, अलार्मच्या बाजूने सांगतो.

सोलासच्या (जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) प्रकरण २-१ मध्ये यूएमएसचे वेगळे नियम आहेत. त्यातला ४८ वा पाणी शिरण्याविषयी आहे. खाली माणूस नसताना वेलमध्ये पाणी साचलं तर ते कळलंच पाहिजे, असं तो सांगतो. बिल्ज पंप आपोआप सुरू होणारा असेल तर तो नेहमीपेक्षा जास्त वेळा चालू होतोय, हेसुद्धा कळायला हवं. नियम करणाऱ्यांना नेमकी तुझ्यासारखीच रात्र डोळ्यांसमोर होती. तो अलार्म बंद केलास तर त्या रात्री इंजिन रूम यूएमएसमध्ये ठेवायचा आधारच जातो.

केबिनमधल्या पॅनेलवर फक्त बझर गप्प होतो, अलार्म स्वीकारायचा तो कंट्रोल रूममध्ये जाऊनच. ठरलेल्या वेळात कोणी गेलं नाही तर इंजिनीयर्स कॉल सगळ्यांकडे वाजतो. ही साखळी महिन्यातून एकदा तरी मुद्दाम वाजवून बघ.

राहवत नाही म्हणून आणखी एक. इनहिबिटची यादी उघडून बघ, आजच. मी एका जहाजावर चढलो तेव्हा प्युरिफायर रूमचा (इंधन तेल शुद्ध करतात ती खोली) स्मोक डिटेक्टर लूप आयसोलेट, म्हणजे बंद, होता. वेल्डिंगसाठी काढलेला, परत लावायचा राहिलेला. मधल्या काळात रोज रात्री जहाज यूएमएसमध्ये होतं आणि चेकलिस्टवर "फायर डिटेक्शन चालू" समोर रोज सही होती. त्या रात्री मला झोप आली नाही. आगीवर पाण्याचे तुषार सोडणाऱ्या लोकल वॉटर मिस्टचंही तसंच. यूएमएस जहाजावर ती आपोआप आणि हाताने, दोन्ही प्रकारे सुटायला हवी. दिवसा काम चाललंय म्हणून मॅन्युअलवर ठेवतात आणि संध्याकाळी ऑटोवर आणायला विसरतात. सही करायच्या आधी पॅनेलसमोर उभं राहून प्रत्यक्ष बघ.

सेकंड_ड्यूटीवर

मी सध्या सेकंड म्हणूनच काम करतोय, त्यामुळे दुसरी बाजूही माहीत आहे. दिवसभराच्या कामानंतर माणूस थकलेला असतो आणि तोंडून "इनहिबिट कर" निघून जातं. तुमच्या सेकंडना एवढी सवलत द्या. पण अलार्म द्यायची नाही.

भीती वाटते म्हणालात, त्यात संकोच कशाला? ती वाटायलाच हवी. आमच्याकडे पद्धत अशी: उतरण्याआधी ब्रिजला फोन, डेड मॅन अलार्म चालू, मग पाय खाली. बाहेर आल्यावर पुन्हा ब्रिजला फोन. डेड मॅनचं रीसेट जास्तीत जास्त ३० मिनिटांत करावं लागतं, नाही केलं तर आधी सूचना आणि मग सगळ्यांना अलार्म. दोन मिनिटांच्या कामालाच तो लागतो, कारण तेलकट प्लेटवरून घसरायला दोन सेकंद पुरतात आणि सकाळपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. बिल्ज वेलसाठी फ्लोअर प्लेट उचलायची असेल तर मी एकट्याला पाठवतच नाही. मोटरमनला उठवा. तो कुरकुरेल, उठेल.

झोपेचं विचारलं नाहीत, पण मला तेच जास्त खटकलं. एसटीसीडब्ल्यूप्रमाणे (खलाशांचं प्रशिक्षण आणि वॉच यांचे आंतरराष्ट्रीय नियम) २४ तासांत किमान १० तास विश्रांती, ती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत आणि त्यातला एक तुकडा किमान ६ तासांचा. यूएमएसमध्ये ऑन कॉल असलेल्याला रात्री उठावं लागलं, तर भरपाईची विश्रांती द्यायची असंही त्यात स्पष्ट आहे. पाच वेळा उठलेला माणूस सकाळी आठला कामावर यायला नको होता. रेस्ट अवर्सच्या नोंदीत त्या पाचही वेळा खऱ्या लिहा. आणि जहाजाला यूएमएसचं नोटेशन, म्हणजे तशी मान्यता, आहे म्हणून रोज यूएमएस ठेवलंच पाहिजे असं नाही. गळती सापडेपर्यंत वॉच लावायची का, हे चीफ इंजिनीयरना विचारा. तो निर्णय त्यांचा.

नवा_फोर्थ

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

मोटरमनला विचारलं. तो दिवसा दर राऊंडला मागचा वेल ओढत होता, "थोडं पाणी असतंच" म्हणाला. टेबलवरून हिशेब केला: दोन पातळ्यांमध्ये साधारण ३०० लिटर, म्हणजे मिनिटाला ४ लिटर. क्लोराइड टेस्टमध्ये नमुना कितीतरी पट पातळ करावा लागला. समुद्राचंच पाणी.

कागद घेऊन सेकंड साहेबांकडे गेलो. त्यांनी अंतरं बघितली, काही बोलले नाहीत, बॉयलर सूट चढवला आणि माझ्याबरोबर खाली आले. दोन तास प्लेट्स उचलत होतो. मुख्य सी वॉटर लाइनला सपोर्टच्या क्लॅम्पखाली, जिथे रंग मारता येत नाही तिथे, पाइप गंजून बारीक भोक पडलं होतं. धार थेट टँक टॉपवर, म्हणजे प्लेट्सखालच्या तळावर, पडून मागे वाहत होती, म्हणून वरून काही दिसत नव्हतं. आजूबाजूला हातोडीने हलकेच ठोकायला मी हात उचलला, तर साहेबांनी मनगट धरलं. भोवतीचा पत्रा कागदासारखा झाला होता.

निवृत्त_चीफ

बरोबर केलं त्यांनी. दाब असलेल्या लाइनवर ठोकायचं नसतं, नाहीतर भोक हाताएवढं होतं. तो भाग आयसोलेट करता येतोय का? आणि दुसऱ्या सपोर्टखालीही बघा. एका क्लॅम्पखाली गंजला असेल तर त्याच वयाचा पाइप बाकीच्या क्लॅम्पखालीही तसाच असणार.

नवा_फोर्थ

हो सर. दुसऱ्या सी चेस्टवर (समुद्राचं पाणी आत घ्यायची जागा) बदल करून तो तुकडा वेगळा केलाय, तात्पुरता पॅच बसवलाय, पुढच्या बंदरात पाइप बदलायचा आहे. बाकीचे सपोर्ट तपासताना आणखी एक पातळ जागा सापडली, तिथेही पॅच लावलाय. चीफ साहेबांनी पाइप बदलेपर्यंत यूएमएस बंद ठेवून वॉच लावल्यात. डेड मॅनसाठी इंजिन रूमच्या दारावर आता सेकंड साहेबांच्या अक्षरातला कागद चिकटवलाय. ईटीओ दादा, इनहिबिटची यादी काढली, त्यात दोन जुन्या नोंदी निघाल्या. एक मागच्या ड्रायडॉकपासूनची होती, ती उद्या आमच्या ईटीओंबरोबर बघतोय.

माझी वॉच आठ ते बारा आहे, आता निघतो.