शब्दचर्चा : ‘सॅलिनिटी’ला क्षारता म्हणावे की लवणता? आणि क्षार ‘अडवायचे’ की ‘उपसायचे’?

प्रश्न

ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग या दहा लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या नदीखोऱ्यात पाण्यातील मिठाच्या प्रमाणावर देखरेख आणि नियंत्रण कसे ठेवतात, यावरील लेखाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. ‘सॅलिनिटी’साठी मी आधी ‘लवणता’ लिहिले होते. परंतु मुलुंडच्या आमच्या सोसायटीतील बोअरवेलच्या पाण्याचा तपासणी अहवाल हाती आला आणि त्यात सर्वत्र ‘क्षार’ हाच शब्द दिसला. बादलीच्या कडेला आणि गीझरच्या कॉइलवर बसणाऱ्या पांढऱ्या थरालाही घरात सगळे क्षारच म्हणतात. मग नदीच्या बाबतीत ‘क्षारता’ लिहिल्यास वाचकाचा गोंधळ होणार नाही का? दुसरी अडचण ‘सॉल्ट इंटरसेप्शन स्कीम’ची, म्हणजे खारे भूजल नदीत झिरपण्याआधीच पंपाने काढून घेण्याच्या योजनेची आहे. ‘क्षार-अवरोध योजना’ हा शब्द मला स्वतःलाच कृत्रिम वाटतो.

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे, कारण मराठीत ‘क्षार’ या एका शब्दावर आपण फार ओझे टाकले आहे. आयुर्वेदात क्षार आणि लवण हे दोन वेगळे वर्ग आहेत: वनस्पती जाळून तिच्या राखेपासून काढतात तो क्षार (यवक्षार किंवा अपामार्ग क्षार), आणि सैंधव, सामुद्र ही लवणे. शालेय रसायनशास्त्राने मात्र आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून तयार होणाऱ्या पदार्थाला ‘क्षार’ म्हटले आणि तेच मराठीत रुळले. हिंदीत नेमके उलट झाले. तेथे ‘क्षार’ म्हणजे आम्लारी किंवा अल्क, आणि मिठाला ‘लवण’. त्यामुळे हिंदीवरून घाईने केलेल्या मराठी मजकुरात ‘क्षारीय पाणी’ असे येते, तेव्हा लिहिणाऱ्याला पाणी खारे म्हणायचे आहे की अल्कधर्मी, हे कळायला मार्गच उरत नाही.

आपल्या गीझरमधला थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो पाण्याच्या जडपणाचा, म्हणजे दुष्फेन पाण्याचा प्रश्न आहे. मरे नदीतले मीठ प्रामुख्याने सोडियम क्लोराइड आहे आणि ते पाणी तापवल्याने असे भांड्याला धरत नाही. तरीही माझे मत ‘क्षारता’ याच शब्दाच्या बाजूने आहे, कारण शेती आणि पाटबंधाऱ्यांच्या मराठीत तो पक्का बसलेला आहे. सांगली-कोल्हापूरकडे अतिपाण्याने बिघडलेल्या जमिनीला शेतकरी ‘क्षारपड’ म्हणतो, आणि जिच्यात सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसला आहे, जिचा सामू (पीएच) साडेआठच्या वर गेला आहे, तिला ‘चोपण’ म्हणतो. इतका बारीक भेद करणारी बोली हाताशी असताना ‘लवणता’ बाहेरून आणण्याचे कारण नाही. फक्त पहिल्याच परिच्छेदात ‘क्षारता म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ते पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात’ एवढे लिहावे.

प्रतिसाद

मी दादरला राहत असलो तरी मूळचा अकोल्याचा आहे. आमच्या पूर्णा खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलढाणा भागाला ‘खारपाण पट्टा’ म्हणतात, आणि या शब्दात विहिरीच्या पाण्याची चवच उतरली आहे. अनुवादात ‘खारटपणा’ किंवा निदान ‘खारेपणा’ चालणार नाही का?

प्रश्नकर्तीचे उत्तर

‘खारपाण’ सुंदर शब्द आहे, आणि वसईकडे माझ्या आजोळी वैशाखात विहिरीचे पाणी ‘मचूळ’ लागायचे, तोही शब्द मला जवळचा आहे. पण हे जिभेचे शब्द आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठच्या मॉर्गन या ठिकाणी पाण्याची विद्युतवाहकता 95 टक्के काळ 800 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आत ठेवण्याचे लक्ष्य आहे. म्हणजे लिटरमागे साधारण 500 मिलिग्रॅम क्षार, आणि भारतीय मानक ब्यूरोची पिण्याच्या पाण्यासाठीची स्वीकारार्ह मर्यादाही 500 मिलिग्रॅमच आहे. असे पाणी बहुतेकांना खारट लागणार नाही. जिभेला कळण्याच्या कितीतरी आधी यंत्राने सावध करावे, हाच त्या देखरेखीचा हेतू असल्याने ‘क्षारता’ मला पटते.

प्रतिसाद

आता ‘इंटरसेप्शन’विषयी. ‘अडवणे’ म्हटले की मराठी वाचकाला बंधारा दिसतो आणि पाठोपाठ ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ आठवते. मरेच्या खोऱ्यात तर जिरलेले पाणीच अडचणीचे ठरले. खोल मुळांची मूळची झाडे तोडून शेती झाली, सिंचन वाढले, भूजल वर चढले आणि जमिनीत साठलेले मीठ घेऊन नदीकडे झिरपू लागले. हे भूजल काही ठिकाणी समुद्राइतके खारे आहे. म्हणून नदीकाठाने विहिरींची रांग खोदून ते नदीत उतरण्याआधीच पंपाने उचलतात आणि दूरच्या उथळ तळ्यांत वाळवतात. ही क्रिया ‘उपसा’ या शब्दात तंतोतंत बसते. ‘उपसा सिंचन’ सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा ‘खारे भूजल उपसा योजना’ म्हणावे. त्या तळ्यांना मात्र ‘मिठागर’ म्हणू नये. भांडुप-कांजूरची मिठागरे पाहिलेल्या मुंबईकराला वाटेल की तेथे विकण्यासाठी मीठ पिकवतात. ‘बाष्पीभवन तळी’ पुरे.

याच लेखात ‘सॅलिनिटी रजिस्टर’ही आले असेल. 1988 पासून तेथील राज्ये हा हिशेब ठेवतात: नदीची क्षारता कमी करणाऱ्या कामाचे श्रेय राज्याच्या खात्यावर चढते, आणि नव्या सिंचनासारख्या क्षारता वाढवणाऱ्या कामाचा बोजाही चढतो. यासाठी आपल्याकडे ‘खतावणी’ आहे, ‘जमा’ आणि ‘नावे’ही आहेत. ‘क्रेडिट’ला ‘पत’ लिहू नये, ‘पत’ बँकेतली.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. माझे वाक्य आधी असे होते: ‘लवण-अवरोध योजनांद्वारे प्राप्त लवणता-पत राज्यांच्या नोंदवहीत समाविष्ट केली जाते.’ आता ते असे केले आहे: ‘खारे भूजल नदीत उतरण्याआधी उपसल्यामुळे मॉर्गनपाशी क्षारता जितकी घटते, तितकी त्या राज्याच्या खतावणीत जमा धरली जाते.’ ‘घटते’ऐवजी ‘उतरते’ लिहिणार होते, पण ‘उतरण्याआधी’ त्याच वाक्यात असल्याने टाळले. कोणाला अजून काही खटकत असल्यास जरूर सांगावे.