‘शुद्ध शाकाहारी’ की ‘केवळ शाकाहारी’?

टिळकवाडी, बेळगाव :
बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बेंगळुरूला जाणाऱ्या मराठी मुलामुलींकरिता आम्ही काही जण एका कन्नड माहितीपुस्तिकेचे भाषांतर करीत आहोत. तिच्या जेवणाखाण्याच्या प्रकरणात दोन प्रकारच्या हॉटेलांमध्ये भेद केलेला आहे. काही हॉटेलांच्या स्वयंपाकघरात मांस, मासे, अंडी येतच नाहीत. तर काहींत दोन्ही प्रकारचे जेवण एकाच ठिकाणी शिजते आणि त्यांत शाकाहारी पदार्थही मिळतात. पहिल्या प्रकारासाठी मूळ लेखकाने ‘सस्याहारी मात्र’ असे लिहिले आहे. कन्नडमध्ये ‘मात्र’ म्हणजे ‘फक्त’. मराठीत ‘शाकाहारी मात्र’ असे छापले तर वाक्य अर्धवट राहिल्यासारखे वाटेल, कारण आपल्याकडे ‘मात्र’ म्हणजे ‘परंतु’ हाच अर्थ आधी मनात येतो. नुसते ‘शाकाहारी हॉटेल’ म्हटले तर दोन्ही अर्थ निघू शकतात. ‘शुद्ध शाकाहारी’ हे पाटीवर रुळलेले आहे, पण त्यातला ‘शुद्ध’ लिहिताना माझा हात अडखळतो. जाणकारांनी कृपया सुचवावे.

शहापूर :
हात अडखळण्याचे कारण मला दिसत नाही. शुद्ध तूप, शुद्ध सोने असे आपण म्हणतो तेव्हा ‘शुद्ध’ म्हणजे ‘भेसळ नसलेले’ एवढाच अर्थ असतो, आणि ज्या स्वयंपाकघरात दुसऱ्या कशाची सरमिसळ नाही त्याला तो शब्द तंतोतंत लागू पडतो. बेळगावच्या पाट्यांवर मराठीत ‘शुद्ध शाकाहारी’ आणि कन्नडमध्ये ‘शुद्ध सस्याहारी’ असे वर्षानुवर्षे लिहिले जाते. ते वाचून कोणी चुकीच्या हॉटेलात गेल्याचे मी ऐकलेले नाही. रुळलेला शब्द टाकून नवा घडवणे म्हणजे वाचकाला विनाकारण अडचणीत टाकणे होय.

वडगाव :
तुपाचे उदाहरण येथे पुरे पडत नाही, कारण जेवणाच्या बाबतीत ‘शुद्ध’ या शब्दामागे सोवळ्याओवळ्याचा फार जुना अर्थ उभा आहे. आमच्या घरी मटण शिजते. ‘शुद्ध’ अशी पाटी वाचताना आमचे ताट अशुद्ध ठरवले जात आहे, ही जाणीव मला लहानपणापासून झालेली आहे आणि ती मी एकटीच बाळगते असेही नाही. पुस्तिका सर्व घरांतल्या मुलांसाठी असेल तर ‘केवळ शाकाहारी’ असे लिहावे. त्यात कोणाचा मान किंवा अवमान होत नाही आणि कन्नडमधल्या ‘मात्र’चा अर्थही नेमका येतो.

निपाणी :
मुळात ‘शाकाहारी’ हा शब्दच आमच्याकडे बोलण्यात कितीसा येतो? गावात विचारतात ते “तुम्ही खाता काय?” असे. काय खाता, हे सांगावे लागत नाही. उत्तरही “आमच्यात खात नाहीत” किंवा “त्यांनी माळ घातली आहे” असे मिळते. माळकरी म्हटले की वारी आली, एकादशी आली आणि मांसमच्छी सुटली, हे सगळे एका शब्दात समजते. उलट बाजूस मांसमच्छीच्या जेवणाला ‘वशाट’ हा शब्द आहे. माझी आजी सोमवारी आणि गुरुवारी वशाटाची भांडीसुद्धा वेगळी ठेवीत असे. माझा तर्क असा आहे की हा शब्द संस्कृत ‘वसा’ म्हणजे चरबी यावरून आला असावा. घेतलेला टाकू नये असे आपण म्हणतो तो व्रताचा वसा वेगळा. ‘वशाट नसलेले हॉटेल’ असे लिहिले तर आमच्या भागातल्या कोणत्याही मुलाला ते तत्काळ समजेल.

शहापूर :
समजेल, पण पुस्तिकेत शोभणार नाही. ‘वशाट’ या शब्दात वासाबद्दलची नावड आहे. वडगावच्या ताईंना ‘शुद्ध’ने जो त्रास होतो, तो ‘वशाट’ने दुप्पट होईल.

धारवाड (मूळचे बेळगावचे) :
कन्नड शब्द अधिक काटेकोर आहे, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. ‘शाक’ म्हणजे भाजीपाला, तर ‘सस्य’ म्हणजे शेतात उगवणारे पीक, धान्य. भात, भाकरी आणि डाळ खाणाऱ्या माणसाला ‘सस्याहारी’ म्हणणेच व्युत्पत्तीला धरून आहे. अक्षरशः शाकाहारी राहायचे तर ताटात नुसता पालाच उरेल. ‘सस्यश्यामल’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही, तेव्हा सीमाभागातल्या मराठीने ‘सस्याहारी’ उचलायला काय हरकत आहे? आपण आधीच पुष्कळ दिले-घेतले आहे. हुबळी-धारवाडकडे ज्वारीची रोट्टी आणि भरल्या वांग्याची एण्णेगायी जेथे मिळते तिला ‘लिंगायत खानावळी’ म्हणतात, आणि ही ‘खानावळी’ आपली ‘खाणावळ’च आहे.

टिळकवाडी :
व्युत्पत्ती मान्य करूनही ‘सस्याहारी’ स्वीकारता येणार नाही, कारण मराठी वाचक त्याला मुद्रणदोष समजेल. पण धारवाडकरांच्या उदाहरणातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे येते, ती येथे थोडी विस्ताराने मांडतो. पुस्तिकेचे ते प्रकरण पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आले की बेंगळुरूमध्ये हा भेद बहुतेक वेळा विशेषणाने केलाच जात नाही. तो हॉटेलाच्या जातीच्या, गावाच्या किंवा प्रकाराच्या नावातच असतो. ‘उडुपी’ म्हटले की मांसाचा प्रश्न उद्भवत नाही. उभ्याने इडली, डोसा आणि कॉफी घेण्याच्या ज्या ‘दर्शिनी’ 1980 च्या दशकापासून तेथे पसरल्या, त्यांच्याबद्दलही कोणी विचारीत नाही. अय्यंगार बेकरीत मूळ परंपरेनुसार अंडे वापरीत नाहीत. याउलट ‘मिलिटरी हॉटेल’ या नावाचा सैन्याशी संबंध असो वा नसो, तेथे मटण मिळणारच; आणि हुबळीकडचे ‘सावजी’ म्हणजे तिखट मांसाहारी जेवण, हे त्या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. आपल्याकडून नव्याने गेलेल्या मुलीला ही नावे वाचता येतात, पण त्यांतला संकेत समजत नाही. ती ‘मिलिटरी’ वाचून आत जाईल आणि दर्शिनीसमोर उभी राहून “हे शाकाहारी आहे का?” असे विचारील.

खरी अडचण मधल्या हॉटेलांची आहे. जेथे फ्राईड राईस एकाच कढईत आळीपाळीने परततात, तेथे पदार्थ शाकाहारी आणि कढई मात्र तशी नाही, अशी स्थिती असते. पाकिटावर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका असतो आणि अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अंडे मांसाहारात, तर दूध आणि मध शाकाहारात धरलेले आहेत. पण तो ठिपका पदार्थाबद्दल सांगतो, चुलीबद्दल नाही. मला शब्द हवा आहे तो चुलीसाठी.

निपाणी :
मग ‘वेगळी चूल’ असेच लिहावे.

शहापूर :
‘चूल वेगळी झाली’ म्हणजे भावाभावांची वाटणी झाली. हॉटेलाविषयी असे छापले तर वाचक भलताच अर्थ घेईल. म्हणून पुन्हा सांगतो, ‘शुद्ध’ ठेवावे.

वडगाव :
‘निरामिष’चा विचार कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते. ‘आमिष’ म्हणजे मूळचे मांस. गळाला लावायचे ते मांस, आणि त्यावरून आपण ‘आमिष दाखवणे’ म्हणतो.

धारवाड :
मराठी माणूस आता ‘आमिष’ म्हणजे लालूचच समजतो. शिवाय बंगालीत ‘निरामिष’ म्हटले की कांदा-लसूणही वर्ज्य होतात, आणि कालीच्या नैवेद्याचे कांदा-लसणीविना शिजवलेले बोकडाचे मांस तेथे ‘निरामिष मांस’ म्हणून ओळखले जाते. हा शब्द घेऊन एखादी मुलगी कोलकात्याला गेली तर तिची फसगत होईल.

खानापूर :
आमच्या तालुक्याची सीमा गोव्याला लागून असल्याने आम्हाला ‘शिवराक’ हा शब्द ठाऊक आहे. कोकणीत मासे-मटण नसलेल्या जेवणाला शिवराक म्हणतात. तो छोटा आहे, आपल्या शेजारचा आहे आणि त्यात ‘शुद्ध’ही नाही, ‘शाक’ही नाही. सोमवारी म्हणजे शिवाच्या वारी मासे वर्ज्य, म्हणून तो दिवस आणि ते जेवण शिवराक, असे माझे वडील सांगत.

चिकोडी :
वडिलांबद्दल पूर्ण आदर ठेवून मला वेगळे मत मांडायचे आहे. ‘शिवराक’ हा ‘श्रावक’ म्हणजे जैन गृहस्थ यावरून आला असावा, असे मला वाटते. ‘श्रावक’चे ‘शिरावक’ आणि मग अक्षरे उलटून ‘शिवराक’, हा बदल ‘नुकसान’चे ‘नुसकान’ होण्यासारखाच आहे. आमच्या चिकोडी-निपाणी भागात जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, आणि बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (बस्ती म्हणजे जैन मंदिर) 1204 सालची आहे. ज्या मुलखात श्रावक इतका काळ शेजारी राहिला, तेथे मांस न खाणाऱ्याला त्याचेच नाव मिळणे स्वाभाविक आहे.

खानापूर :
तसे असते तर शब्द जैन वस्तीच्या चिकोडीत रुजायला हवा होता. तो गोव्यात आणि घाटाखाली का आहे, याचे उत्तर आपण दिलेले नाही. शिवाय गोव्यात “आज आमच्याकडे शिवराक” असे दिवसाविषयी म्हणतात. श्रावक माणूस असतो, तो एका दिवसापुरता कसा होईल?

चिकोडी :
कदंब राजांच्या काळात गोव्यातही जैन वस्ती होती, तेव्हा शब्द तिकडे रुजायला अडचण नव्हती. आणि माणसाचे नाव जेवणाला लागते याचे उदाहरण वर टिळकवाडीकरांनीच दिले आहे : ‘सावजी’ हे आधी समाजाचे नाव आहे, मग जेवणाचे. आमच्या भागातल्या जुन्या बोलीत ‘सरावक’ असे कोणी ऐकले आहे काय? अथणी किंवा शेडबाळकडच्या वाचकांनी सांगितल्यास मधली कडी मिळेल.