चिठ्ठीवरचं ओडी, टीडीएस, एसओएस

प्रश्न (नौपाडा): आईच्या एका गोळीपुढे ‘ओडी एसी’, दुसरीपुढे ‘टीडीएस पीसी’, तिसरीपुढे ‘एसओएस’. डोळ्याच्या थेंबांपुढेही ओडीच! कसं द्यायचं?

वाशी: ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. टीडीएस अँटिबायोटिक असेल तर साधारण दर 8 तासांनी द्या. सकाळ-दुपार-संध्याकाळ उरकलं की रात्रभर खंड पडतो.

नेरूळ: थेंबांचं ओडी बहुधा वेगळं. ‘ऑक्युलस डेक्स्टर’, म्हणजे उजवा डोळा, डावा ओएस. ‘ओडी बीडी’ असेल तर उजव्या डोळ्यात दोनदा. नुसतं ओडी असेल तर डॉक्टरांनाच विचारा, अंदाज नको. एसओएस गरज लागली तरच. पॅरासिटामॉल असलं तरी दोन डोसांत किमान 4 तास हवेत.

घोडबंदर रोड: एचएस दिसलं तर झोपताना. केमिस्टकडून पाकिटावर मराठीत लिहून घ्या, ते देतात.