पुढचा ब्रेक डाव्या हाताला: ‘गोतावळा’ ग्रुपवरची चर्चा

ताई: सगळ्यांना सांगायचं होतं, तिकिटं निघाली! जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं छोटीकडे, स्वित्झर्लंडला जातोय. या वेळी बर्फ, चॉकलेट, बोटीतून फेरी असलं काही नाही. नऊ दिवस दावोसला राहायचं आणि डोंगरात सायकल चालवायची.

आत्या: डोंगरात सायकल?? रस्त्यावर ना गं?

ताई: नाही आत्या, पायवाटांवर. लिफ्टने सायकलीसकट वर जायचं आणि उतरत यायचं.

आई: मला हे आत्ता कळतंय. छोटी, तू घातलंस ना हे यांच्या डोक्यात?

मी: हो आई, मीच सांगितलं. आणि नीट करतील तर जन्मभर लक्षात राहील अशी सुट्टी होईल. ऑफिस सुटलं की सविस्तर लिहिते.

सोन्या: मावशी मी दावोसच्या त्या लांब सायकल-वाटेचे, आल्प्स एपिक ट्रेलचे बारा व्हिडिओ बघितले. पहिल्याच दिवशी तोच करायचा.

मोठे काका: मला यात एक गोष्ट खटकते. पायवाट पायांसाठी असते. आमच्या टेकडीवर रोज बघतो, पावसाळ्यात सायकलवाले ब्रेक दाबून घसरत येतात, वाटेची नाली करून ठेवतात. एकदा तर काकूच्या अंगावरच येत होता एक पोरगा. तिकडे जाऊन तुम्हीही तेच करणार का?

काकू: हो. हात धरायला कोणी नसतं तर पडलेच असते मी.

भाऊजी: काका, रास्त बोललात. माझा प्रश्न वेगळा आहे, माझा गुडघा. छोटी, इ-बाइक मिळते ना तिथे?

मी: आले घरी. आता एकेक.

आधी सोन्या. नाही, पहिल्या दिवशी तो ट्रेल अजिबात नाही. साधारण ४० किलोमीटरचा आहे. सुरुवात याकोब्सहॉर्नच्या माथ्यावर, २,५९० मीटर. दावोस गावच १,५६० मीटरवर आहे, म्हणजे आपली कळसूबाई १,६४६, तिच्या जरासं खाली तू झोपणार आणि सकाळी लिफ्टने त्याच्यावर आणखी एक किलोमीटर उंच जाणार. तिथून धारेधारेने, मग सेर्टिगच्या खोऱ्यात उतरण, मग रीनरहॉर्नच्या अंगाने आडवं जात मोनस्टाइन नावाचं लाकडी घरांचं गाव, आणि शेवटी खाली फिलिझूर. व्हिडिओत दहा मिनिटांत संपतो, पण तो सबंध दिवस घेतो. मधे चढही आहेत आणि ते आपल्याच पायांनी चढायचे असतात.

आणि दमतात ते पाय नाहीत, हात. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. ब्रेक धरून धरून मनगटापासून कोपरापर्यंत हाताचा दगड होतो. बोटं लिव्हरवर असतात पण दाबली जात नाहीत. सगळे पडतात ते अशा वेळी, दुपारी, शेवटच्या उतारावर.

सोन्या: मग आधी कुठे?

मी: पहिले दोन दिवस लेन्झरहाइडे. दावोसहून ट्रेन आणि बस करून जाता येतं. तिथल्या बाइक पार्कमध्ये निळ्या रंगाची, म्हणजे सोपी ‘फ्लोलाइन’ आहे, बांधीव वाट, वळणांना भिंतीसारखा उतार दिलेला. लाल आणि काळ्या खुणेच्या अवघड वाटांकडे पहिल्या दिवशी बघायचंही नाही. आणि तुझ्यासाठी एक गोष्ट: माउंटन बाइकवाला नीनो शुर्टर याच ग्राउब्युंडेन प्रांतातला. रिओचं ऑलिम्पिक सुवर्ण आणि दहा जागतिक विजेतेपदं. त्यातलं २०१८ चं त्याने लेन्झरहाइडेतच मिळवलं, घरच्या लोकांसमोर. तू त्याच डोंगरावर असशील.

सोन्या: 😮😮 ठीक आहे. लेन्झरहाइडे.

मी: भाऊजी, इ-बाइक मिळते आणि तुम्ही ती घ्याच. मोटर ताशी २५ किलोमीटरपर्यंत मदत करते, पायडल मारावंच लागतं. चढाला गुडघा वाचतो. पण दोन गोष्टी. सायकल वीस किलोच्या वर जड असते, उतारावर ते वजन ब्रेकवर येतं, आणि फाटकावरून किंवा पायऱ्यांवरून उचलायची वेळ आली की कळतं. दुसरं, तिची बॅटरी विमानात नेता येत नाही, म्हणून तिथेच भाड्याने. ताई, तूही इथेच घे. खोक्यात सायकल भरून पुण्याहून आणण्यात काही अर्थ नाही. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, हातमोजे तेवढे अंगाला बसलेले, घरचे आणा.

सोन्या: मलाही इ-बाइक!

मी: तुला नाही मिळणार. स्वित्झर्लंडमध्ये १६ वर्षांखाली इ-बाइकला परवाना लागतो. तू १५ चा. साधी फुल सस्पेन्शन, दोन्ही चाकांना शॉक असलेली घे, तुझे पाय काय करायचेत?

आई: छोटी, तू पडली होतीस तेव्हाचं सांग ना त्यांना. मला अजून झोप लागत नाही आठवलं की.

मी: सांगते आई. ते सांगण्यासाठीच एवढं लिहितेय.

सहा वर्षांपूर्वी, इथे नोकरीला यायच्या आधी, मी सुट्टीला आले होते. पहिलाच दिवस. दुकानातून सायकल घेतली, सीट खालीवर करून बघितली, निघाले. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, स्कूटर-मोटरसायकललाही उजवाच. इथे उलटं. पुढचा डाव्या हाताला. मला ठाऊकच नव्हतं आणि दुकानातल्या माणसाला वाटलं, हिला माहीत असणार.

सपाटीवर काही जाणवलं नाही. मग एका उतारावर अचानक आडवी मुळं आली, ओली. मी घाबरून मागचा ब्रेक म्हणून डावा कचकन दाबला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मी हँडलवरून पुढे. मला आठवतंय ते फक्त समोर आलेलं एक मूळ, त्याची साल सोललेली आणि आत पांढरं लाकूड. डावं मनगट मोडलं. सोबतच्यांनी हात ओढणीने गळ्यात बांधला, वाट थोडी खाली रस्त्याला लागत होती म्हणून चालत उतरता आलं.

पुढचं दुखणं विम्याचं. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतो तो होता माझ्याकडे. पण कंपनीने पैसे नाकारले. आत कुठेतरी बारीक अक्षरांत होतं की साहसी खेळात झालेली दुखापत धरली जाणार नाही. सगळा खर्च बाबांनी भरला. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

बाबा: त्याचं काय मनाला लावून घेतेस. हात बरा झाला ना.

ताई: हे ब्रेकचं तू मला कधी बोलली नव्हतीस.

मी: बोलायला हवं होतं ताई. म्हणून आत्ताच सांगते, आजपासून सहा आठवडे आहेत. सोन्याच्या सायकलीला केबलचे डिस्क ब्रेक आहेत ना? कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे जा आणि पुढच्या-मागच्या केबलींची अदलाबदल करून घ्या, पुढचा डाव्या हाताला. तुमच्या दोघांच्या सायकलींनाही. घाबरल्यावर माणूस विचार करत नाही, हात सवयीने चालतात. तो हातच बदलायला हवा. आणि रोज सांगायचं एकमेकांना, दोन्ही ब्रेक एकत्र, एकेका बोटाने. वळणाच्या आधी दाबायचा, वळणात सोडायचा. सारखा धरून ठेवला तर डिस्क तापते आणि ब्रेक लागेनासा होतो. डिस्कला बोट लावून बघू नका, चटका बसतो.

विम्याचं भाऊजी तुम्ही बघा. ‘माउंटन बाइकिंग’ हे शब्द पॉलिसीत दिसलेच पाहिजेत, हेलिकॉप्टरने सुटका हे शब्दही. इथे डोंगरात पडलं आणि चालता येत नसेल तर रेगा या सुटका-सेवेचं हेलिकॉप्टर येतं, नंबर १४१४. ११२ सुद्धा चालतो. पण त्याचं बिल हजारो फ्रँकचं असतं. तिघांच्या फोनमध्ये दोन्ही नंबर घालून ठेवा.

भाऊजी: नोंद केली. पॉलिसी आज रात्रीच उघडतो. लिहून आणेन कंपनीकडून, तोंडी नको.

मी: लेखीच घ्या.

मोठे काका: आमचा प्रश्न मागेच राहिला.

मी: नाही काका, तुमच्यासाठी वेगळं लिहिणार होते. तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

ग्राउब्युंडेनमध्ये बहुतेक पायवाटा चालणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या एकत्रच आहेत. शेजारच्या ऑस्ट्रियात उलट, मुद्दाम खुली केलेली वाट सोडून सायकल नेताच येत नाही. इथे नेता येते, कारण आजवर लोक नीट वागले. वाट आधी चालणाऱ्याची. लांबूनच वेग कमी करायचा, घंटी वाजवायची, अरुंद असेल तर उतरून बाजूला उभं राहायचं. ‘ग्रुएत्सी’, म्हणजे इथला नमस्कार, म्हणायचं आणि त्यांनी म्हटलं की मग निघायचं. आणि चाक लॉक करून घसरत जायचं नाही, कारण तुम्ही म्हणता तसंच होतं, चाकाने ओरखडा पाडला की पुढचा पाऊस तिथून वाहतो आणि वर्षभरात वाटेची नाली. सोन्याला व्हिडिओत ते धूळ उडवणं आवडत असणार. ते करायचं नाही बाळा. ती वाट कोणीतरी हातांनी दगड लावून राखलेली असते.

सोन्या: नाही करणार मावशी. प्रॉमिस. काका, तुम्हालापण.

मोठे काका: शाब्बास. असं असेल तर माझं काही म्हणणं नाही.

काकू: गाई असतात ना त्या डोंगरात? फोटोत घंटा घातलेल्या दिसतात.

मी: असतात काकू, जुलैत सगळ्या वरच असतात. वासरू जवळ असेल तर लांबून वळसा. तारेच्या कुंपणात वीज असते, फाटकाची प्लास्टिकची मूठ धरून उघडायचं आणि मागे नक्की लावायचं. मेंढरांच्या कळपात राखणीचे मोठे पांढरे कुत्रे असतात, ते भुंकत धावत येतात. तिथे पळायचं नाही. सायकलवरून उतरायचं, सायकल आपल्या आणि त्याच्या मधे धरायची, थांबायचं, हळूहळू चालत लांबून जायचं. वेगाने जाणारं काहीही त्याला लांडगा वाटतं.

आत्या: आणि खायचं काय? मी साजूक तुपातले लाडू देऊ का?

मी: आत्या, तुमच्या लाडवांसाठी जीव तळमळतो, पण दूध-तुपाचे पदार्थ भारतातून इथे आणायला बंदी आहे. राजगिऱ्याची चिक्की आणि शेंगदाण्याची द्या. खिशात मावते, चढावर जीव येतो. इथे मालुन्स नावाचा प्रकार मिळतो, उकडलेला बटाटा किसून पिठात घोळवतात आणि लोण्यावर सावकाश परततात. सफरचंदाच्या मोरावळ्यासारख्या गोडाबरोबर खातात. बटाट्याचा कीसच म्हणा, जरा खमंग आणि कोरडा. तुम्हाला नक्की आवडेल. पाण्याचं टेन्शन नाही, गावागावात दगडी हौद असतो, धार प्यायची.

ताई: हवा?

मी: जुलैत दुपारी वीज-पाऊस येतो, आणि येतो तेव्हा अर्ध्या तासात येतो. म्हणून पहिल्या लिफ्टने वर जायचं आणि दोन वाजायच्या आत धार सोडून झाडांत. वीज चमकायला लागली की लिफ्टही बंद करतात, मग वर अडकून पडाल. वर थंडी वाजते, जर्किन बॅगेत हवंच.

मोठा ट्रेल सातव्या दिवशी, हात तयार झाले तरच. मी शनिवारी झुरिकहून येते आणि तुमच्याबरोबर चालवते. ट्रेल मधेच सोडायला दोन जागा आहेत. सेर्टिगहून रस्ता सरळ दावोसला उतरतो, आणि मोनस्टाइनखाली दरीत रेल्वे स्टेशन आहे. तिघांपैकी एकाचा जरी हात दगड झाला तरी तिथेच थांबायचं, सगळ्यांनी. त्यावर वाद नाही.

भाऊजी: मान्य. आणि फिलिझूरहून परत?

मी: रेटियन रेल्वेची लाल गाडी, सायकलचं वेगळं तिकीट काढून, थेट दावोस. ती छोटी रेल्वे बघण्यासारखी आहे. फिलिझूरजवळच लांडवासर पूल आहे, १९०२ चा, ६५ मीटर उंच, वळणदार, आणि पुलावरून गाडी थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते. २००८ पासून त्या पुलावरची लाइन जागतिक वारशात आहे.

मोठे काका: तो पूल चालत बघता येतो का?

मी: येतो की काका. फिलिझूर स्टेशनवरून वाट आहे, झाडीतून, पुलाच्या पायथ्यापर्यंत.

मोठे काका: काकू विचारतेय, आपले गुडघे चालतील का त्या वाटेवर.

मी: काकू, राजगड चढलेले गुडघे आहेत ते. सहज चालतील. तुम्ही दोघं येताय का?? व्हिसाला अजून वेळ आहे, पण या आठवड्यातच अपॉइंटमेंट घ्या.

काकू: ह्यांनी पासपोर्ट काढून टेबलावर ठेवलाय.

ताई: काकाााा! ❤️ तुम्ही पुलाखाली थांबा, आम्ही वरून येतो.

मोठे काका: घंटी वाजवत या.

आई: छोटी, ऐक. सोन्या संध्याकाळीच सायकलवाल्याकडे जाऊन केबली बदलून आला. आता खाली पार्किंगमध्ये फेऱ्या मारतोय. मी गॅलरीत उभी आहे, प्रत्येक वळणाला ओरडतोय, ‘पुढचा डावा, पुढचा डावा’.