'कचरा उपसून काय मिळालं?' म्हणणाऱ्यांसाठी

मेघना_टोरांटो
परवा इथेच एका काकांनी लिहिलं, "दोन मृतदेह शोधायला चार कोटी डॉलर मंजूर! तेवढ्यात किती जिवंत आदिवासी बायांचं भलं झालं असतं." खाली अंगठ्यांचा पाऊस. दोन ओळींचं उत्तर लिहायला बसले, धागाच झाला.

डिसेंबर 2022 मध्ये कॅनडातल्या विनीपेगचे पोलीस म्हणाले, खून झालेल्या दोन आदिवासी बायांचे अवशेष प्रेअरी ग्रीन कचराडेपोत असावेत, पण शोध घेणं जमणार नाही. 2023 च्या प्रांतिक निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी 'शोध नको' अशा जाहिराती दिल्या. कुणाची तरी आई कचऱ्यात राहू द्या, आणि आम्हाला मत द्या! ते हरले, वॅब किन्यू प्रांताचे मुख्यमंत्री झाले, खोदकाम झालं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये अवशेष सापडले. जमत होतं की! करायचं नव्हतं.

विनीपेगकर
मीच तो काका. जाहिराती घाणेरड्या होत्या, मान्य. पण तेव्हाच्या अहवालात खर्चाचा अंदाज 8.4 ते 18.4 कोटी होता, वर ॲस्बेस्टॉस, आणि सापडेलच याची हमी नाही. टॅक्स आम्ही भरतो, टोरांटोवाले नाही. आणि आरसीएमपी, म्हणजे केंद्रीय पोलीसच सांगतात की आदिवासी बायांचे सत्तर टक्के खुनी त्यांच्यातलेच असतात. ते लिहायला बोटं दुखतात का?

मेघना_टोरांटो
चारपैकी दोन कोटी केंद्राचे होते काका, म्हणजे टोरांटोवाल्यांचेही. आणि ते सत्तर टक्के फक्त छडा लागलेल्या खुनांतले. गोऱ्या बायकांना कोण मारतं, मंगळावरचे? बायकांचे खून करणारा सीरियल किलर पिकटन गोरा, हा विनीपेगचा खुनीही गोरा. पिकटनवर 26 खुनांचे आरोप, शिक्षा सहांची. उरलेल्या वीस घरांना 2010 मध्ये सांगितलं, आता खटला नाही.

अदिती
काका, मीही विनीपेगचीच. मानवाधिकार संग्रहालयाशेजारी तिपी (आदिवासींचे तंबू) ठोकून त्या दोघींच्या घरचे लोक बसले होते, आठवतंय? आत तिकीट काढून हक्क बघायचे, आणि बाहेर लेक आईचं प्रेत मागतेय. मी पाहुण्यांना घेऊन गेले होते. लाज वाटली.

बाळूभाऊ यवतमाळ
दुःख आहेच. पण तिकडे एका हायवेवर लिफ्ट मागणाऱ्या आदिवासी मुली गायब होतात, असं वाचलं. मुलींनी अनोळखी गाडीत बसायचंच कशाला?

सुजाता_बीसी
हे यायचंच होतं! बाळूभाऊ, मी ब्रिटिश कोलंबियात टेरेसला राहिले आहे, त्याच हायवे 16 वर. प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रुपर्ट सातशेवर किलोमीटर. वाटेत भला मोठा फलक, 'मुलींनो, लिफ्ट मागू नका'. फलक होता, सरकारी बस नव्हती. 2006 पासून लोक बस मागत होते, ती आली 2017 ला. पुढच्याच वर्षी ग्रेहाउंड या खासगी बस कंपनीने गाशा गुंडाळला. आमच्या क्लिनिकात साफसफाईला येणारी बाई दाढ काढायला ट्रकला हात करून जायची. काय करावं तिनं, उडत जावं?

बाळूभाऊ यवतमाळ
चिडू नका ताई. आमच्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली, पोरी दहावीनंतर घरी बसल्या. त्यावर कुणी धागा काढत नाही. कॅनडा म्हटलं की सगळे धावतात.

सुजाता_बीसी
म्हणजे बस नसली की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी दोष पोरींचाच?

बाळूभाऊ यवतमाळ
दोष म्हटलं नाही. काळजी म्हटली.

पक्या
मुक्कामी गाडी बंद होते कारण ड्रायव्हरला झोपायला धड खोली नसते. माझे वडील ड्रायव्हर होते, पंचायतीच्या ओट्यावर डास मारत रात्र काढायचे.

अदिती
पक्या, प्लीज. खून आणि डास एकाच धाग्यात?

पक्या
बसचा विषय मी काढला नाही.

विनीपेगकर
बरं बाई, शोध घेतला ते योग्य झालं. फ्रेम करून लावा. जाहिराती देणाऱ्या त्या पक्षानेही 2025 मध्ये विधानसभेत माफी मागितली, मग मी कोण? पण बेपत्ता आणि खून झालेल्या आदिवासी बायांवरच्या 2019 च्या राष्ट्रीय चौकशीने न्यायासाठी 231 मागण्या लिहून दिल्या होत्या. त्यांचं काय झालं? त्यावर कुणी रस्ता अडवत नाही.

मेघना_टोरांटो
अडवतात. तुम्ही दुसऱ्या रस्त्याने जाता. 5 मेला या बायांच्या आठवणीत लाल कपडे घालून लोक जमतात, येताय?

विनीपेगकर
मेमध्येही इकडे गारठा असतो. बघू.