मदत हवी आहे: १९८७ चा स्पेक्ट्रम प्लस कॉम्प्युटर सुरू होत नाही, पडद्यावर नुसत्या उभ्या पट्ट्या

राम राम मंडळी. सावद्याहून (जि. जळगाव) लिहितोय.

घरी डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवान्यावर आपल्याकडे आणला, त्यातलाच. अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, पुण्याला शिकायला होते. १९८७ च्या दिवाळीत एसटीने येताना त्यांनी तो सगळा रस्ता मांडीवर धरून आणला. मी तेव्हा सातवीत होतो.

त्यावर अण्णांनी बेसिकमध्ये केळीचा हिशेब लिहिला होता: कोणत्या व्यापाऱ्याने कधी किती क्विंटल माल नेला, भाव काय लागला, बाकी किती राहिली. बाबांचा भरवसा वहीवरच. तरी महिनाअखेरीला अण्णांना बोलावून दोन्हीकडचे आकडे ताडून बघायचे. तो हिशेब साठवलेली कॅसेट जपून ठेवली आहे, वर निळ्या शाईत 'केळी हिशेब २' असं लिहिलेलं. अण्णा यंदा निवृत्त झाले. आखाजीला (अक्षय तृतीयेला) वहिनींसोबत येणार आहेत. त्याआधी हे यंत्र चालू करून त्यांच्यापुढे ठेवायचं एवढंच मनात आहे.

माळ्यावर वीसेक वर्षं होतं. उघडून ब्रशने धूळ काढली, आत कोळ्याची जाळी होती, बाकी बोर्ड स्वच्छ. मूळ अडॅप्टरची वायर उंदरांनी खाल्ली होती, म्हणून घरातला राऊटरचा ९ व्होल्टचा लावला. पिन बरोबर बसली, पण काहीच चाललं नाही. मग बाजारातून दुसरा ९ व्होल्टचा आणला. आता टीव्हीवर (अँटेनाच्या भोकातून, शोध लावल्यावर ३६ नंबरच्या चॅनेलजवळ सापडतं) कडेने पांढरी चौकट येते आणि मध्ये काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या. अक्षर एक नाही. चित्र काढणारी मोठी यूएलए चिप बरीच तापते, म्हणजे तीच गेली असणार. फेरांटीची ही चिप आता कुठे मिळेल? सोल्डरिंग मला येतं, मोटारपंपाचे स्टार्टर मीच दुरुस्त करतो, मल्टिमीटर आहे.

---

प्रतिसाद, धुळे

भाऊ, यूएलए शोधू नका. ती चांगली असतानाही तापते.

तुमची पांढरी चौकट हीच चांगली खूण आहे. चालू झाल्या झाल्या रॉममधला (कायमच्या मेमरीतला) प्रोग्राम अगदी सुरुवातीलाच चौकट पांढरी करतो. म्हणजे झेड८० (मुख्य प्रोसेसर) जिवंत, रॉम जिवंत, यूएलएही चित्र काढतेय. पुढची पायरी मेमरी तपासण्याची, गाडी तिथे अडलीय. पडद्याचं चित्र खालच्या १६ के मेमरीतून येतं. तिथे गडबड असली की अशाच पट्ट्या दिसतात.

आता मुद्द्याचं. राऊटरच्या अडॅप्टरवर आत धन होतं की ऋण? स्पेक्ट्रमला पिनेच्या आत ऋण आणि बाहेर धन लागतं. बहुतेक राऊटरचं नेमकं उलट असतं.

---

धागाकर्ता

आत्ता बघून आलो. राऊटरच्या अडॅप्टरवर चिन्ह स्पष्ट आहे, आत धन. लावला तेव्हा दोन सेकंद करपल्यासारखा वास आला होता, मला वाटलं धुळीचा असेल. वर लिहायला हवं होतं, माझी चूक झाली. नवा अडॅप्टर दुकानदाराने उलटसुलट करता येणारा दिला होता, तो नशिबाने बरोबर लागला.

---

प्रतिसाद, धुळे

वाईट वाटून घेऊ नका, हे यंत्र याच कारणाने सगळ्यात जास्त मरतं. खालची मेमरी म्हणजे आठ ४११६ चिपा, आयसी ६ ते आयसी १३. या चिपेला तीन वीजदाब लागतात: ५, १२ आणि उणे ५. बारा आणि उणे पाच बोर्डावरच एक छोटं कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टर, टीआर४ आणि टीआर५, मिळून तयार करतात. उलटा करंट गेला की पहिला बळी टीआर४ चा. आणि उणे ५ नसताना बाकीचे दोन दाब मिळत राहिले की ४११६ जळायला लागतात. म्हणून यंत्र उगाच चालू ठेवू नका.

मीटरचा काळा वायर रेग्युलेटरच्या धातूच्या पट्टीला लावा. कोणत्याही एका ४११६ वर पाय १ ला उणे ५ यायला हवेत, ८ ला १२, ९ ला ५. खाचेच्या डावीकडचा तो पाय १. दहा सेकंदांत मोजून लगेच बंद करा. मीटरचं टोक दोन पायांवर एकदम टेकू देऊ नका.

---

धागाकर्ता

पाय ९: ५.०२
पाय ८: ८.३
पाय १: शून्य

आणि आयसी ८ वर बोट टेकवत नाही. बाकी सात कोमट.

---

प्रतिसाद, नाशिक

मग निदान झालंच. टीआर४ बदला, पण एकटा नको. आयसी ८ तसाच ठेवून नवा टीआर४ लावलात तर तोही जाईल. झेडटीएक्स६५० हा ट्रान्झिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून कुरिअरने मागवता येतो. टीआर५ झेडटीएक्स२१३ आहे, तोही सोबत घ्या, आणि बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही. चाळीस वर्षांचे झालेत, आणि आपल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर त्यांनी काय सोसलं असेल!

४११६ विकत घेऊ नका. माझ्याकडे अ‍ॅपल टू प्लसच्या बोर्डातून काढलेल्या चार पडून आहेत, पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या, टाकतो.

काढताना चिप वाचवायला जाऊ नका, बोर्ड वाचवा. स्टार्टरच्या तांब्याच्या जाड पट्ट्यांची सवय इथे विसरा, इथला तांबा कागदासारखा आहे. बारीक कटरने सोळाही पाय चिपेच्या अंगाशी कापा, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने अलगद उचला. ओढायचं नाही, शिसं वितळलं की तो आपसूक येतो. भोकं साफ करून सोळा पायांचा सॉकेट बसवा.

---

प्रतिसाद, भुसावळ

दादा, यंत्राआधी कॅसेट बघा, ती जास्त नाजूक आहे. मागचं प्लास्टिकचं कान तोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. आतली स्पंजाची छोटी गादी निघाली असेल तर फीत पाच स्क्रूच्या दुसऱ्या कॅसेटमध्ये हलवा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर अजिबात चालवू नका, आधी इथे विचारा. चांगली असेल तर टेपमधून कॉम्प्युटरवर मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही फाइल करून घ्या. डॉल्बी बंद ठेवा. आवाज दबका आला तर हेडशेजारचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू केसभर फिरवत शिट्टी सगळ्यात तिखट लागते तिथे थांबवा. ती फाइल मोबाइलमधून स्पेक्ट्रमच्या इअर भोकात वाजवता येते. मूळ फीत पुन्हा घासायची गरजच नाही.

---

धागाकर्ता, बारा दिवसांनी

नाशिकच्या भाऊंच्या चिपा सोमवारी पोचल्या. काल रात्री बसवल्या. आयसी ८ काढताना एक भोक थोडं उचललं गेलं, तिथे खालून बारीक तार जोडली. आता पाय ८ ला ११.९, पाय १ ला उणे ५.१. टीव्हीवर आधी काळं, मग क्षणभर लालसर रेघा, आणि मग पांढऱ्या पडद्याच्या तळाला सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ. रात्रीचे साडेअकरा झाले होते. आईला उठवून दाखवली.

कॅसेटची फाइलही झाली, बुरशी नव्हती.

पण अडलोय. एच, जे, के, एल आणि एंटर चालत नाहीत, बाकी सगळ्या चालतात. आणि कॅसेटवरचं चढवायचा 'लोड' नेमका जे वर आहे!

---

प्रतिसाद, धुळे

पाच बटणं एका ओळीतली आणि एकदम गेली, म्हणजे बटणं ठीक आहेत. स्पेक्ट्रमच्या कीबोर्डवर पाच-पाच बटणांची अर्धी ओळ एकाच तारेवर असते. बटणांखालच्या पातळ पापुद्र्याची (मेम्ब्रेनची) प्लास्टिकची शेपटी बोर्डात जिथे घुसते तिथे वाळून तडकते. आठ पट्ट्यांची शेपटी अलगद बाहेर काढा, टोकाशी पाचही बटणांची पट्टी तुटलेली दिसेल. लांबी पुरत असेल तर टोकाचे दोन-तीन मिलिमीटर धारदार कात्रीने सरळ कापून पुन्हा बसवा. शेपटी दुमडू नका.

अजून एक, हे फार महत्त्वाचं. अण्णांनी आकडे प्रोग्रामसोबतच साठवले असतील, स्पेक्ट्रमचा 'सेव्ह' चलांच्या (व्हेरिएबल्सच्या) किमतीही टेपवर लिहितो. लोड झाल्यावर 'रन' दिलंत तर त्या सगळ्या पुसल्या जातील. 'गो टू १' द्या.

---

धागाकर्ता

अडीच मिलिमीटर कापलं. जे चालतोय.

मोबाइलचा आवाज पूर्ण केला तेव्हा लोड धरलं, कडेला आधी लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे. 'गो टू १' दिलं. ३४ व्यापारी, शेवटची नोंद १९९१ च्या मार्चची. एका जागी बाकी २१२ रुपये दिसतेय आणि बाबांच्या वहीत तीच १२२ आहे. अण्णांनाच विचारावं लागेल.

बोर्ड अजून उघडाच आहे, वर स्वच्छ फडकं टाकून ठेवलंय. आखाजीला नऊ दिवस आहेत. तोवर ७८०५ या जुन्या रेग्युलेटरच्या जागी थंड राहणारा स्विचिंग रेग्युलेटर बसवावा का? इथे दुपारी आत्ताच ४३ अंश होतंय.