शमादान, समई की ठाणवई?

बाराव्या शतकातल्या खुरासानी (म्हणजे आजच्या ईशान्य इराण-अफगाणिस्तानकडच्या) दिव्यांवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. वस्तू अशी : तीन पायांची बैठक, मधे जाळीदार दांडा, वर वाटोळं ताट. मी 'शमादान' लिहिलं, संपादक म्हणतात 'समई' करा. शमा म्हणजे दिवा, दान म्हणजे ठेवायची जागा. मग माझं चुकलं कुठे?

— शमा म्हणजे मुळात दिवा नव्हेच. अरबी 'शमअ' म्हणजे मेण, त्यावरून मेणबत्ती. 'दान' फारसी, अत्तरदाणी-पिकदाणीतलं. शमादानाला मेणबत्ती खोचायला नळी हवी. तुमच्या ताटावर तेलाचा सुटा दिवा ठेवत. अस्सल शमादान पाहायचं तर इराकमधल्या मोसुलच्या कारागिरांचं : ढोलासारखं बूड, वर मान, मानेवर नळी. अबू बक्र मौसिलीने १२२५ साली घडवलेलं एक बोस्टनच्या संग्रहालयात आहे. इजिप्तच्या मामलूक घराण्यातल्या सुलतान कितबुघाच्या शमादानाची तर फाळणीच झालीय, बूड बाल्टिमोरला आणि मान कैरोला!

— पण समईसुद्धा शमअवरूनच ना?

— हो, आणि गंमत म्हणजे नाव मेणाचं, आत तेल. पण समईच्या वाटीतच तेल असतं, वाती कडेच्या चोचींत. वर वेगळा दिवा ठेवायचा तर मराठीत 'ठाणवई' आहे की. आमच्या आजीकडे लाकडी होती. पणतीचं तेल ओघळून दांडा कायम चिकट, आणि त्याला हात लावला की आजीच्या शिव्या.

— जाता जाता : सरसकट 'कांस्य' लिहू नका. कासं म्हणजे तांबं आणि कथील. चांदी ठोकून बसवलेली शमादानं बहुतेक पितळेची, म्हणजे तांबं आणि जस्त. आणि 'नक्षीकाम' बिनधास्त वापरा, शब्द तिथलाच आहे. अफगाणिस्तानातल्या हेरातच्या ११६३ सालच्या बादलीवर घडवणारा मुहम्मद आणि सजवणारा मसऊद अशी दोघांची नावं कोरलीत, आणि मसऊदपुढे बिरुद आहे 'नक्काश', म्हणजे नक्षी करणारा.

— 'कंदील'ही अरबीच का?

— अरबीतून आला, पण अरबांनी तो ग्रीकांकडून घेतला आणि ग्रीकांनी लॅटिन 'कांदेला'वरून. तिथेही अर्थ मेणबत्तीच. म्हणजे दिवाळीचा आकाशकंदील आणि वाढदिवसाची कँडल सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी.

— सगळ्यांचे आभार. 'ठाणवई' करून पाठवलं. संपादकांचं उत्तर आलं : ठाणवई म्हणजे काय?